सातवं मत

१२ जानेवारी

ताई,

फोन तू उचलणार नाहीस, हे कळायला मला तीन वेळा घंटी वाजू द्यावी लागली. म्हणून लिहायला बसलो. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी दोन ओळी तरी तुझ्या नजरेखालून जातीलच.

'त्या टेबलाशी बसलास तर माझ्याशी बोलू नकोस,' असं तू म्हणालीस. मी बसलो. आणि तू शब्दाची पक्की, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुला वाटतंय मला मोठेपणाची हाव सुटली. तसं नाही गं. तू तिकडे परक्या विद्यापीठात कायदा शिकवतेस, तुला इथलं सगळं बातम्यांतून दिसतं. मी इथे राहतो. न्यायालयानं मंत्र्याला हजर व्हायला सांगितलं, मंत्री गेलाच नाही. न्यायालयानं मग संसदेचे कायदे एकामागून एक रद्द केले. संसदेनं चिडून न्यायालयाचा निधी अडवला. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, ती दुरुस्त करायला पैसा नाही. म्हातारे न्यायमूर्ती धापा टाकत चौथ्या मजल्यावर चढतात आणि वर पोचल्यावर त्याच तिरमिरीत आणखी एक कायदा रद्द करतात. हसू नकोस, लोकांची कामं खोळंबली आहेत. कोणाचा हुकूम मानायचा हे पोलिसालाही कळत नाही आणि चोरालाही.

म्हणून ही समतोल परिषद. संसद, सरकार आणि न्यायालय यांच्यात जुंपली, की कोण आपलं कुंपण ओलांडून पलीकडे गेलं ते परिषदेनं सांगायचं, आणि तिघांनी मुकाट्यानं मानायचं. तिला घटनेतच जागा द्यायची. तिचा मसुदा करायला सात जणांची समिती नेमली आहे, आणि सातवा मी.

तू म्हणालीस, दोन मांजरांचं लोणी वाटायला माकड बसवताय. ताई, मांजरं तीन आहेत आणि लोणी केव्हाच जमिनीवर सांडलंय. कोणीतरी मध्ये बसायलाच हवं. ते माकड नसावं एवढं बघायचं, तेच तर आमचं काम.

माणसं बरी आहेत. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती, त्यांना कमी ऐकू येतं, पण सोयीप्रमाणे. एक माजी खासदार बाई आहेत, त्यांचा आवाज अध्यक्षांनासुद्धा ऐकू येतो. एक इतिहासाचे अभ्यासक. तिघे सरकारच्या मर्जीतले, ते फक्त मान डोलावतात. आणि समितीचा सचिव. त्याला मत नाही, पण कोणत्या खुर्चीत कोण बसेल इथपासून सगळं तोच ठरवतो. फार गोड माणूस आहे. पहिल्याच दिवशी त्यानं घरच्या सगळ्यांची चौकशी केली. लेकीला कितवा महिना, जावई कुठल्या पुलाच्या कामावर आहेत, तुझ्या भावजयीचा दातांचा दवाखाना कसा चाललाय. मी तर त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मी घाबरलेलो वगैरे नाही. तू काळजी करू नकोस.

तुझा
ससा

६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही आलं. हरकत नाही.

मसुद्याची आठ कलमं झाली. चांगली झाली आहेत, तू वाचलीस तर नाक मुरडायला जागा कमीच सापडेल. काल नववं आलं. ते आमच्यात कोणी लिहिलेलं नाही. सचिवानं टाइप केलेलं आणलं आणि सगळ्यांपुढे ठेवलं.

'राष्ट्रहितास बाधा येत असल्यास परिषदेच्या कोणत्याही सदस्यास सरकारप्रमुख पदावरून दूर करू शकतील, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.'

तुला समजावून सांगायला नको. तरी लिहितो, कारण लिहिलं की माझं मला नीट दिसतं. परिषदेचा निकाल संसदेला बंधनकारक, न्यायालयाला बंधनकारक. आणि परिषदेला घरी बसवायचा अधिकार सरकारला. म्हणजे तीन टोप्या एकाच डोक्यावर.

बाई कडाडल्या. 'म्हणजे पंचानं शिट्टी वाजवली की खेळाडूनं पंचालाच मैदानाबाहेर काढायचं? ताकाला आलात, मग भांडं कशाला लपवता, सचिवसाहेब?'

सचिव हसला. त्याचं हसू कधी संपत नाही, फक्त कमी-जास्त होतं. म्हणाला, 'बाई, अशी तरतूद वापरायची नसते. नुसती असायची असते.'

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. मी पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला, कारण पाणी हलत होतं. मी काय बोललो असं विचारशील. माझी पाळी आली नाही.

निघताना जिन्यात बाईंनी गाठलं. 'मास्तर, तुम्ही पोरांना घटना शिकवता ना?'

'हो.'

'मग आज घसा बसला होता का?'

मी म्हटलं, विचार करून बोलेन. त्या म्हणाल्या, 'करा. पण फार वेळ करू नका, विचार आंबतो.'

मतदान मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. नियमच असा, की ते उघड सभागृहात, पत्रकारांसमोर, एकेकाला विचारून घ्यायचं. 

आणखी एक. दवाखान्यासमोर एक माणूस उभा असतो वर्तमानपत्र घेऊन. पान उलटत नाही. तुझी भावजय म्हणते, दाढ दुखत असेल आणि आत यायची छाती होत नसेल. असेलही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

ससा

२० फेब्रुवारी

ताई,

अक्षर वाचता आलं नाही तर पेनाला दोष देऊ नकोस. मागच्या पत्रात मी म्हटलं, माझी पाळी आली नाही. खोटं होतं ते. अध्यक्षांनी मला विचारलं होतं, 'प्राध्यापक, आपलं काय?' आणि मी म्हटलं होतं, 'अजून वाचतोय.' दोन ओळींचं कलम ताई, आणि मी अजून वाचत होतो.

त्यानंतर गोष्टी घडत गेल्या.

जावयाची बदली झाली. सरहद्दीकडे, जिथे पूलही नाही आणि नदीही नाही, तिथे पुलाच्या इंजिनियरची बदली! हुकूम दुपारी आला, संध्याकाळी गाडीत बसवून दिलं. लेकीला सातवा महिना. ती आमच्याकडे राहायला आली आहे. रडत नाही, हे जास्त वाईट. सारखी खिडकीचे पडदे सरळ करते.

मग बाईंचा अपघात. वळणावर मागून ट्रक आला आणि त्यांच्या गाडीला कठड्यापर्यंत ढकलत घेऊन गेला. जीव वाचला. पाय मोडला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा पाय वर टांगलेला होता आणि खोलीत औषधांचा वास. मला वाटलं आता त्या ओरडतील, शिव्या देतील, मला जरा धीर येईल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'मास्तर, ट्रकला नंबरपाटी नव्हती.'

मी म्हटलं, 'पडली असेल.'

'पुढचीही? मागचीही?'

मग त्यांनीच विचारलं, 'घाबरलात?'

'हो.'

'मीही,' त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरला. ताई, त्या बाईनं भर संसदेत मंत्र्याच्या हातातला कागद हिसकावून घेतला होता. तिचा हात बर्फासारखा गार होता.

माझं काय झालंय सांगू? फोन वाजला की दचकतो. नाही वाजला की उचलून बघतो, चालू आहे ना. वर्गात शिकवताना मागच्या बाकावर एक अनोळखी मुलगी दिसली तर अर्धं वाक्य गिळलं. ती बिचारी दुसऱ्या कॉलेजातून आली होती, आवडीनं. तास संपल्यावर म्हणाली, 'सर, ते अधिकारांच्या विभागणीचं अर्धंच राहिलं.' मी म्हटलं, पुस्तकात आहे.

राजीनामा द्यावा असं मनात येतं. छातीत दुखतं असं सांगून. दुखतंच आहे, खोटंही होणार नाही. पण मी उठलो की त्या खुर्चीत चौथा मान डोलावणारा येईल, एवढं मला कळतं. कळूनसुद्धा काल राजीनाम्याचं पहिलं वाक्य तीन प्रकारे लिहून पाहिलं.

तू काही सांग ना. शिव्या दे, पण सांग.

ससा

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आम्ही सर्व मजेत आहोत. हवा छान आहे. सरकारनं आमच्या रस्त्यावर नवे दिवे लावले, आता कसं लख्ख दिसतं. समितीचं काम सुरळीत चालू आहे, सर्वांचं एकमत आहे, सचिवसाहेब फार सहकार्य करतात. मागच्या पत्रांत मी जरा कंटाळ्याच्या भरात काहीबाही लिहिलं असेल, ते मनावर घेऊ नये. लेकीची तब्येत उत्तम. जावयांना नव्या ठिकाणी बढतीची संधी आहे.

तुझी तब्येत सांभाळ. इकडे येण्याची अजिबात घाई करू नकोस.

आपला नम्र बंधू

४ मार्च

ताई,

हे पत्र टपालानं आलेलं नाही, ते ज्या बाईनं तुझ्या हातात दिलं ती तुझ्या भावजयीची जुनी पेशंट आहे, विमान कंपनीत काम करते. तिला चहा पाज.

मागचं पत्र तुझ्यासाठी नव्हतं. वाटेत जे वाचतात त्यांच्यासाठी होतं. तुला तेव्हाच कळलं असणार. 'आपला नम्र बंधू' वाचून तुला नक्की वाटलं असेल, याच्या कानशिलाला कोणी पिस्तूल लावलंय. पिस्तूल नव्हतं. विद्यापीठातल्या एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, 'बहिणीला पत्रं लिहितोस वाटतं, अक्षर बिघडलंय म्हणे तुझं.' घरी आलो आणि ते नम्र पत्र लिहिलं.

आता कालचं सांगतो.

दवाखाना दुपारी बंद होतो तेव्हा मी खाली जाऊन तुझ्या भावजयीला जेवायला बोलावतो. काल गेलो तर बाहेरच्या बाकावर सचिव बसलेला. भिंतीवर तो मोठ्या दातांचा हसरा चार्ट आहे ना, बरोबर त्याच्या खाली. पण स्वतः हसत नव्हता. उजवा गाल सुजून टम्म झाला होता.

मला बघून उठला. 'बसा प्राध्यापक. सहज आलो होतो. मतदान तीन दिवसांवर आलंय, म्हटलं एकदा बोलावं.' बोलताना गाल धरत होता. 'जावईबापूंची बदली रद्द होऊ शकते. बाळंतपणाला नवरा जवळ हवा, नाही का? आणि न झाल्यास... म्हणजे तुमच्या भगिनींवरची ती जुनी केस. त्यांनी संपकऱ्यांचं वकीलपत्र घेतलं होतं त्या वेळची. ती अजून बंद झालेली नाही. परदेशातून माणूस परत मागवता येतो हल्ली.'

माझी बोबडी वळली. खरंच वळली, मी 'अ' म्हटलं आणि पुढे काही येईना.

आतून तुझी भावजय बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. त्याच्या गालाकडे बघून म्हणाली, 'किती दिवसांपासून आहे हे?'

'अं? नाही, मी त्यासाठी नाही आलो.'

'ताप आहे?'

'थोडा.'

'आत या. खुर्चीत बसा.'

'बाई, मला वेळ नाही.'

'पू मानेत उतरला तर मतदान बघायलाही वेळ मिळणार नाही. बसा.'

तो बसला. ताई, ज्या माणसासमोर मी महिनाभर थरथरतोय तो त्या खुर्चीत आडवा झाला, गळ्याला निळा कागद बांधून. दिवा तोंडावर आला आणि त्यानं खुर्चीचे हात गच्च धरले. सुई बघून त्याला घाम फुटला. मी दारात उभा.

तिनं बधिर केलं, थोडी थांबली, मग काम सुरू केलं. हात नेहमीसारखा हलका. आणि काम करता करता, जसं पेशंटला पोराबाळांबद्दल विचारते तशा आवाजात म्हणाली, 'आता बोलता येणार नाही तुम्हाला. मी विचारते. हो असेल तर डोळे मिटा. माझ्या नवऱ्यानं नाही म्हटलं तर त्याला धरून नेतील?'

तो वर दिव्याकडे बघत राहिला. नळीचा सुर्र आवाज चालू होता. मग त्यानं डोळे मिटले.

तिचा हात थांबला नाही. 'लगेच?'

डोळे उघडेच.

'आणि बाईंचा ट्रक? तो अपघात होता?'

त्यानं डोळे मिटले नाहीत, मानही हलवली नाही. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. इंजेक्शननं येतं कधीकधी असं, तुझ्या भावजयीनं नंतर सांगितलं. पण ती मला धीर द्यायला बरंच काही सांगते.

चूळ भरून झाल्यावर तो बराच वेळ उठला नाही. अर्धा ओठ बधिर, शब्द ओघळत होते. म्हणाला, 'तुमचं नाव मी सुचवलं होतं, प्राध्यापक. विद्यापीठातून माहिती मागवली. इतक्या वर्षांत तुम्ही एकाही ठरावाला विरोध केलेला नाही म्हणाले. मी वर सांगितलं, हा माणूस बिनधोक आहे.' मग जरा थांबून, 'तुम्ही नाही म्हणालात तर ते आधी मला विचारतील. मलाही घर आहे.'

'म्हणजे तुम्हीपण घाबरता?' मी विचारलं.

तो हसायला गेला, अर्ध्याच तोंडानं. 'मग काय वाटलं तुम्हाला? वरचेही घाबरतात. न्यायालयाला, निवडणुकीला, एकमेकांना. म्हणून तर ते कलम हवंय.'

जाताना दारात वळला. 'पट्टी बदलायला यावं लागेल का, बाई?'

'यावं लागेल,' ती म्हणाली. 'मत काहीही पडो.'

तो गेल्यावर ती स्टुलावर बसली, हातमोजे काढायचेही विसरली. म्हणाली, 'एकदा मनात आलं होतं, बधिर न करताच खुपसावं. पण हाताला जमलं नाही हो.'

जेवण कोणालाच गेलं नाही. लेकीनं विचारलं काय झालं, आम्ही दोघं एकदम म्हणालो, काही नाही.

परवा मतदान. मी काय करणार ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, लपवत नाही या वेळी. तुझी केस त्यांनी काढली तर? लेकीला त्रास झाला तर? मी तुझ्यासारखा नाही, ताई. बिनधोक माणूस आहे मी. शोधून काढलेला.

ससा

७ मार्च

ताई,

अजून घरीच आहे. लिहून घेतो.

सभागृह भरलं होतं. पत्रकार भिंतीला टेकून उभे, कॅमेरे, दिवे. बाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं, पाय समोर पांढरा पसरलेला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सचिव एका बाजूला. गालाची सूज उतरली होती.

प्रश्न एकच. कलम नऊ मसुद्यात ठेवावं का?

मान डोलावणारे तिघे उठले, हो म्हणाले, बसले. बाई म्हणाल्या, नाही. इतिहासवाले म्हणाले, नाही, आणि त्यावर भाषण करायला लागले तेव्हा त्यांना थांबवलं. अध्यक्ष नेहमी शेवटी मत देतात. काल त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'मी आधी देतो, म्हणजे शेवटच्यावर माझं ओझं नको. नाही.' सभागृहात एकच कुजबुज झाली. ते सरकारचेच समजले जात होते. चष्मा परत लावताना त्यांना कान सापडत नव्हता.

तीन आणि तीन. मग त्यांनी मला विचारलं.

मी उठलो. समोर सगळं पांढरं दिसत होतं, आणि त्या पांढऱ्यात लेक दिसली, तू दिसलीस, तो वर्तमानपत्रवाला दिसला. मला वाटलं, 'हो' म्हणावं आणि घरी जाऊन झोपावं. तोंड उघडलं, आणि आलं ते 'नाही'. इतकं हळू, की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

अध्यक्षांनी कानामागे हात धरला. 'काय?'

मागून एक पत्रकार ओरडला, 'ऐकू आलं नाही!'

ताई, त्या क्षणी वाट मोकळी होती. कोणालाच ऐकू आलं नव्हतं. मी 'हो' म्हणालो असतो तर तेच पहिलं ठरलं असतं. सचिव माझ्याकडे बघत होता, अगदी पापणी न लववता.

मी म्हटलं, 'नाही!' एवढ्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेतली मुलगी दचकली. पहिलं 'नाही' नुसतंच निसटलं होतं. दुसरं मी म्हणालो.

अध्यक्षांनी कारण विचारलं. माझ्या खिशात काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, 'मी भित्रा माणूस आहे. हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, मला इथे बसवणाऱ्यांनाही. जे शूर असतात त्यांचं राज्यघटनेवाचून अडत नाही, ते तशीही मान ताठ ठेवतात. घटना आमच्यासारख्यांसाठी असते. आम्ही घाबरलो की कुठेतरी जाता यावं म्हणून. हे कलम ठेवलंत, तर परिषदेतही घाबरलेलीच माणसं बसतील. मग मी जाऊ कुणाकडे?'

एवढंच. बसलो तेव्हा खुर्ची जरा लांब होती, जवळजवळ पडलोच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई रडत होत्या, आणि आपण रडतोय याचा त्यांना राग येत होता.

मोजायला काही उरलं नव्हतं. कलम गेलं. उरलेला मसुदा तसाच्या तसा मंजूर होऊन संसदेकडे गेला.

घरी आलो. लेकीनं बातम्यांत सगळं पाहिलं होतं. तिनं मला बसवलं आणि बूट काढून दिले. म्हणाली, 'बाबा, आवाज फाटला होता तुमचा.' मी म्हटलं, 'हो गं.'

दाराशी पावलं वाजली की अजून श्वास अडकतो. धीर केला की भीती जाते असं म्हणतात ना, ते कोणी शूर माणसानं पसरवलेलं असणार.

ससा

२१ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. इतक्या महिन्यांत पहिली, आणि तीही एका ओळीची. 'वकीलपत्र तयार ठेव, सोमवारी येते.'

येऊ नकोस.

आधी इथलं सांगतो म्हणजे तुला कळेल. मला विद्यापीठानं निलंबित केलंय. समितीची गोपनीय चर्चा बाहेर सांगितली असा आरोप आहे, म्हणजे जी चर्चा भर सभागृहात कॅमेऱ्यांसमोर झाली ती. मंगळवारी चौकशीला बोलावलंय. 'सोबत औषधं आणावीत,' असं त्या माणसानं फोनवर सांगितलं. किती दिवसांची, ते नाही सांगितलं.

सचिव मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आला होता. खुर्चीत बसला, तोंड उघडलं, तोंड मिटलं, नमस्कार केला, गेला. त्याच्या जागी आता दुसराच माणूस बसतो. तो कुठे आहे हे कोणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायची माझी हिंमत होत नाही. तुझ्या भावजयीनं मात्र त्याच्या घरी फोन केला. बायकोनं उचलला आणि काही न बोलता ठेवला.

मसुद्याचं पुढे काय? संसदेचे सभापती स्वतः सरकारला वैतागलेले, त्यांनी जाहीर केलं की समितीनं मंजूर केला तसाच तो पटलावर येईल, एक शब्द बदलणार नाही. न्यायमूर्तींनीही पत्रक काढलं. तिन्ही मांजरांपैकी दोन कधी नव्हे ती एका बाजूला बसली आहेत. सरकार म्हणतं, बघू. पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. मंजूर होईल का? मला सांगता येत नाही. कधी वाटतं होईल, कधी वाटतं त्याच्या आधी आणखी एखादा ट्रक येईल.

म्हणून म्हणतो, येऊ नकोस. तुझी केस त्यांनी वर काढली आहे, परवा पेपरात होतं. तू विमानातून उतरलीस की दारातच धरतील. मला दुसरा वकील मिळेल. बाईंच्या ओळखीचे एक आहेत, जरा झोपाळू आहेत पण माणूस चांगला. तू तिकडे सुरक्षित आहेस, एवढ्या एका गोष्टीवर मी रात्री डोळा लावतो. तेवढी तरी राहू दे. तिकीट रद्द कर. मी तुझ्या पाया पडतो.

इथपर्यंत लिहिलं आणि तुझ्या भावजयीला वाचायला दिलं. तिनं वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, 'अहो, हे पोचेपर्यंत वन्सं विमानात बसलेल्या असतील.'

खरंच की. उद्याच सोमवार. हे पत्र तुला मिळायचंच नाही.

तरी पुरं करतो. आता सवय झाली आहे, तुला लिहिल्याशिवाय मला काय वाटतंय ते कळत नाही.

मी पहाटेच निघेन. जावई आला आहे, बिनपरवानगी रजा टाकून. तो म्हणाला, मी गाडी चालवतो. लेक म्हणाली, मीपण येणार. तिच्या आईनं तिला नऊ कारणं सांगितली, तिनं एकही ऐकलं नाही, त्यामुळे आम्ही सगळेच येतोय. बाई चाकाच्या खुर्चीतून येणार आहेत, बरोबर पेपरवाले आणणार आहेत. अध्यक्षांचा फोन आला, किती वाजता ते तीनदा विचारलं. इतिहासवाले येताना भाषण आणतील अशी भीती आहे, पण येऊ देत.

माझं विचारशील तर आत्तापासूनच हातपाय गार पडलेत. उद्याचा शर्ट घडी करून ठेवला, पिशवीत औषधं भरली, दोनदा भरली. विमान उशिरा यावं असं वाटतं, आणि आत्ता यावं असंही.

दरवाजा उघडला की तुला आधी वर्दीवाले दिसतील. ते ओळीनं उभे असतात. मागे आपली माणसं असतील, कठड्याच्या पलीकडे. तिथे मला शोधू नकोस. मी वर्दीवाल्यांच्या पुढे उभा असेन. घामानं ओला, पाय लटपटत, पण पुढे. त्यांना तुझ्यापर्यंत पोचायचं असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल.

ससा